अर्धा कप मध म्हणजे किती?

१७० ग्रॅम.

ओव्हन तापत ठेवून, एका हातात मधाची बाटली आणि दुसऱ्या हातात फोन धरून कुणी हे उघडलं असेल, तर त्यांनी एवढंच घ्यावं आणि कामाला लागावं. केक बिघडणार नाही. पुढचं सगळं ज्यांना खोलात शिरायची खोड आहे त्यांच्यासाठी. मला आहे. बँकेत कॅशवर बसून जन्म गेला, संध्याकाळी चार आण्यांचा फरक निघाला तरी घरी जाता येत नसे. ती सवय निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात आली.

प्रश्न विचारला होता आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका सूनबाईने. नवीन लग्न, नवीन ओव्हन, उत्साह भरपूर. ‘काकू, अर्धा कप मध म्हणजे ग्रॅममध्ये किती हो?’ मी विचारलं, ‘कुणाचा कप?’ तिला वाटलं मी थट्टा करतेय. ‘असं काय काकू, कपाचा कप!’

मी थट्टा करत नव्हते. अमेरिकेचा कप साधारण २३७ मिलीलीटरचा. तिथल्याच पाकिटांवर पोषणाचा तक्ता छापताना तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा २५० चा. जपानचा २००. आपल्याकडे राजवाड्यामागे बर्तन बाजारात स्टीलचे चार कपांचे संच मिळतात, त्यांच्या दांड्यावर कधी २४० कोरलेलं असतं, कधी २५०, आणि कधी नुसताच ‘१’. एकदा मी दुकानदाराला विचारलं की हा नक्की केवढा आहे, तर तो म्हणाला, ‘दीदी, कप तो कप होता है।’ सूनबाईचं आणि त्याचं एकमत आहे.

आता मधाचा एक मिलीलीटर भरतो साधारण १.४२ ग्रॅम. म्हणजे अर्धा कप अमेरिकन असेल तर १६८ ग्रॅम, ऑस्ट्रेलियन असेल तर १७८, जपानी असेल तर १४२. मी वर १७० सांगितलं कारण नेटवर फिरणाऱ्या बहुतेक कपवाल्या पाककृती अमेरिकेकडच्या असतात. पण पाककृती लिहिणारी बाई कुठली, हे बघितल्याशिवाय आकडा सांगणं म्हणजे पासबुक न बघता शिल्लक सांगणं.

कपाचं एक वेळ निभावतं. खरी गंमत चमच्यात आहे. माझी धाकटी जाऊ मेलबर्नला असते. तिने तिकडच्या ॲन्झॅक बिस्किटांची कृती पाठवली. ओट्स, खोबऱ्याचा कीस, मैदा, साखर, लोणी, सोडा आणि गोल्डन सिरप, म्हणजे उसाच्या साखरेचा मधासारखा पाक. अंडं नाही, म्हणून आमच्या घरात एकमताने पास. (तिकडे या बिस्किटांना विकताना ‘कुकी’ म्हणायचं नाही आणि कृतीत फार ढवळाढवळ करायची नाही असा सरकारी दंडक आहे. आपल्याकडे पोह्यांसाठी असा कायदा केला तर निम्मं पुणं आत जाईल.) कृतीत लिहिलेलं, गोल्डन सिरप दोन टेबलस्पून. आता सगळ्या जगाचा टेबलस्पून १५ मिलीचा, पण ऑस्ट्रेलियाचा २० चा. दोन चमचे म्हणजे आपल्याकडच्या चमच्याने ३० मिली, जाऊबाईंच्या चमच्याने ४०. वजनात बोलायचं तर ४२ ग्रॅम की ५६. फरक १४ ग्रॅमचा. तुम्ही म्हणाल, चौदा ग्रॅमने काय होतं?

मी मुद्दाम दोन्ही करून बघितलं. एकाच दिवशी, एकाच मैद्याचं, दोन ट्रे. ५६ ग्रॅमवाली बिस्किटं पसरली, कडेने तांबूस झाली, दाताखाली आधी कुरकुरीत आणि मग चिवट. ४२ ग्रॅमवाली जिथे ठेवली तिथेच गोळा होऊन बसली, रंग फिका, आणि चावल्यावर भुगा. वाईट नव्हती, पण ती वेगळीच बिस्किटं होती. आमचे हे दोन्हीतलं एकेक खाऊन म्हणाले, ‘हे नानखटाईच्या जातीचं लागतं.’ बरोबरच आहे. चिकट पाक हा बिस्किटात नुसता गोडवा नसतो. तो ओल धरून ठेवतो, पिठाला पसरू देतो आणि साखरेपेक्षा लवकर रंगतो. मैदा दहा ग्रॅम इकडेतिकडे झाला तर कुणाच्या लक्षात येत नाही. पाक झाला की ट्रे बघूनच कळतं.

औंसाचा घोळ त्याहून वाईट. ‘आठ औंस म्हणजे एक कप’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते खरं आहे, पण ते द्रव औंस. मापाचे. एक द्रव औंस २९.६ मिली. वजनाचा औंस वेगळा, २८.३५ ग्रॅम. पाण्याच्या बाबतीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही आणि गैरसमज पिढ्यानपिढ्या टिकून राहतो. मधाला हेच लावलं, काट्यावर आठ औंस म्हणजे २२७ ग्रॅम घेतले, की कपामागे एक तृतीयांश मध कमी. मधाचा एक अमेरिकन कप वजनाने जवळपास १२ औंस भरतो. तिकडे अस्वलाच्या आकाराची मधाची बाटली मिळते, तिच्यावर १२ औंस लिहिलेलं असतं, ते वजन. ती अख्खी बाटली म्हणजे एक कप. परदेशातून कुणी आणलीच तर त्या अस्वलाला टाकून देऊ नका, चांगलं माप आहे.

आता तोंडी हिशोब. माझे सासरे होळकरांच्या काळात इथल्या शाळेत शिकलेले. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे, सगळं पाठ. शेवटपर्यंत भाजीवाल्याला कॅल्क्युलेटर काढायच्या आत रक्कम सांगत. मला १.४२ ने गुणायला कागद लागतो, म्हणून त्यांना विचारलं. ते एक मिनिट गप्प बसले आणि म्हणाले, ‘अगं, दिडकी कर आणि तिचा विसावा हिस्सा काढून टाक.’ साठ मिली मध आहे? साठाची दिडकी नव्वद. नव्वदाचा विसावा साडेचार. राहिले साडेपंच्याऐंशी. खरा आकडा ८५.२. इतकी सोयीची युक्ती मला कुठल्याच तक्त्यात सापडलेली नाही. कंडेन्स्ड मिल्कला उलटं करायचं, सवायकी करून तिचा विसावा मिळवायचा. शंभर मिलीची सवायकी सव्वाशे, त्यात सहा घातले की १३१. कंडेन्स्ड मिल्क १.३ च्या आसपास असतं, म्हणजे हेही जुळतं. मेपल सिरपलाही तीच सवायकी चालते. गोल्डन सिरप आणि परदेशी मोलॅसिस मधाच्या रांगेत, दिडकीत. पीनट बटर मात्र दिसतं घट्ट आणि भरतं हलकं, पाण्याहून जेमतेम शेकडा दहा जास्त. त्याला यातलं काहीही लावू नका.

कंडेन्स्ड मिल्कवर एक शब्द, कारण आपल्याकडचा बिनअंड्याचा केक त्याच्यावरच उभा आहे. जुन्या कृतीत नुसतं ‘एक डबा’ लिहिलेलं असतं. अमेरिकन डबा १४ औंसाचा, वजनाचे औंस, म्हणजे ३९७ ग्रॅम. मापाने तो सव्वा कपाहून थोडासाच जास्त भरतो, पावणेदोन कप नव्हे, औंसाचा घोळ इथेही आहेच. आणि आपल्याकडचे डबे-पाकिटं हल्ली किमतीच्या उलट दिशेने चालतात, तेव्हा डब्यावरचा ग्रॅमचा आकडा वाचूनच घ्या.

तेल लिटरने विकलं की त्यात काय घोळ होतो, हे मला आमच्या ह्यांनी समजावलं. ते सोयाबीन तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. इंदूर म्हणजे सोयाबीनचं माहेर, तेव्हा निम्म्या इंदुरात असा एकतरी जाणकार घरी असतोच. तेलाची पिशवी बघा, एक लिटर आणि ९१० ग्रॅम असं दोन्ही छापलेलं असतं. ‘अहो, पण ९१० कधीचं? तापलेल्या तेलाचं की गार तेलाचं?’ असं मी विचारल्यावर त्यांना फार आनंद झाला, कारण हाच प्रश्न दिल्लीलाही पडला होता. सोयाबीन तेल २१ अंशांना लिटरला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९२.६. काही कंपन्या पिशवीवर चढं तापमान छापून तेवढ्यापुरतं कमी तेल भरत. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं की तापमान वगैरे न लिहिता निव्वळ प्रमाण द्या, आणि माप व वजन यांचा मेळ बसू द्या.

मग मधाचं काय, मालव्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली आणि मे महिन्यात चाळिशीच्या वर. तर मधाचं वजन त्याने शेकडा एकाच्या आसपास बदलतं. सोडून द्या. बदलतो तो पातळपणा, आणि तो कित्येक पटीने. मे महिन्यात मध चमच्यातून पाण्यासारखा उतरतो. जानेवारीत चमचा उपडा करून पोहे खाऊन आलात तरी तो तिथेच लोंबत असतो. शिवाय थंडीत चमच्यावर ढीग राहतो, काठोकाठ म्हणता म्हणता वर टेकडी. म्हणजे आकडा तक्त्यात बरोबर, तुमच्या कपातही बरोबर, आणि भांड्यात पोचतो तो भलताच. मी एकदा जानेवारीत मधाचा रिकामा झालेला पाव कप, म्हणजे मला रिकामा वाटलेला, काट्यावर ठेवला. नऊ ग्रॅम आत चिकटलेले होते. साठ मिलीच्या मापात नऊ ग्रॅम. दर खेपेला एवढा मध मी घासणीने धुऊन नालीत सोडायचा?

कपाला आधी तेल चोपडायचं हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे आणि तो चालतोही. कृतीत तेल असेल तर आधी त्याच कपाने तेल मोजा, मग मध, घसरून येतो. पण माझं म्हणणं, बाटली आणि भांडं यांच्यामध्ये कप आणायचाच कशाला?

बाटलीच काट्यावर ठेवा. मी असं करते. काटा सपाट ओट्यावर, गॅसपासून लांब, पंखा बंद. मधाची बाटली झाकण काढून काट्यावर, शून्याचं बटण दाबायचं. आता आकडा शून्य. बाटली उचलली की काटा उणे काहीतरी मोठं दाखवतो, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. भांड्यात मध ओतायचा, तार तोडायला बाटली जराशी गरगर फिरवून उभी करायची, आणि परत काट्यावर. पाव कपाचे ८५ ग्रॅम हवेत आणि उणे ७१ दिसतंय? अजून १४ हवेत. पुन्हा उचला. बाटलीच्या तोंडाशी जे चिकटून राहिलं ते बाटलीतच मोजलं जातं, कारण ते भांड्यात गेलेलंच नाही. बरणीतून चमच्याने काढत असाल तर चमचाही बरणीत ठेवून शून्य करा आणि काढल्यावर चाटायच्या आत परत ठेवा. चमच्याला लागलेलं सुद्धा हिशोबात येतं. ओपनिंग बॅलन्स वजा क्लोजिंग बॅलन्स, बाकी मधल्या नोंदी कशाला हव्यात.

यात दोन काळज्या. स्वस्तातले काटे दोन मिनिटं हात लागला नाही की आपोआप झोपतात आणि शून्य विसरतात. म्हणून मी सुरुवातीला शून्य करायच्या आधी बाटलीचं अख्खं वजन पेन्सिलीने ओट्याच्या टाइलवर लिहून ठेवते. दुसरी म्हणजे, भांडं काट्यावर ठेवून वरून बारीक धारेने मध सोडत असाल, तर काही काट्यांना ते कळतच नाही. शून्याजवळचा थेंबथेंब बदल ते स्वतःची चूक समजून पुन्हा शून्यावर आणतात. तुम्ही ओतताय आणि काटा ढिम्म. बाटली उचलून परत ठेवण्यात हा प्रश्न येत नाही, वजन एकदम टेकतं. काट्यावर विश्वास नसेल तर ₹ चिन्हाची जुनी पितळी पाच रुपयांची नाणी घ्या, २०११ च्या सुमाराची. एक सहा ग्रॅमचं असतं. दहा नाण्यांचे साठ यायला हवेत. नंतर आलेलं मोठं नाणं जड आहे, ते मिसळू नका.

सगळ्यात मजा काकवीत आहे, कारण तिचा आकडा कुठल्याच अमेरिकन तक्त्यात नाही. गोल्डन सिरप इथे मिळतं, पण त्या किमतीत मी सियागंजच्या बाजारातून महिन्याचा करेली गावचा गूळ आणीन. नणंद कोल्हापूरकडची, ती दर हिवाळ्यात काकवी पाठवते. आमच्या शेजारणी हिला राब म्हणतात. गूळ व्हायच्या आधी काढलेला रस, त्यामुळे पाणी जास्त, शेकडा तीस-पस्तीस. मधात कायद्यानेच वीसच्या वर पाणी चालत नाही. आणि एका गुऱ्हाळाची काकवी दुसऱ्यासारखी नसते, किती आटवली यावर सगळं. इथल्या सराफा बाजारातला जिलेबीवाला याच कारणाने कप घेत नाही आणि काटाही घेत नाही. दोन बोटांत पाक धरून तार बघतो, आणि ती तार म्हणजे पाकात पाणी किती उरलं याचंच माप आहे.

मला तारेचा हात नाही, म्हणून मी बरणी वापरते. जॅमची छोटी काचेची बरणी कोरडी करून काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, काठोकाठ पाणी भरायचं. माझ्या बरणीत ११२ ग्रॅम आलं, म्हणजे ती ११२ मिलीची. पुसून कोरडी केली, आता काठोकाठ काकवी, बुडबुडे बसेपर्यंत थांबून. १४९. भागाकार केला, १.३३. म्हणजे सवायकीच्या रांगेत. खोकल्याच्या औषधाच्या टोपीने हे करू नका, तिच्यावर १० मिलीची रेघ असते म्हणून मोह होतो, पण एवढ्याशा मापात काट्याचा एक ग्रॅम इकडेतिकडे झाला की आकडा शेकडा दहाने चुकला. आणि हिंगाच्या रिकाम्या डबीनेही करू नका, कारण सांगायला नको.

तर १.३३ मिळाला म्हणून ४० मिली गोल्डन सिरपच्या जागी ४० मिली काकवी, ५३ ग्रॅम, असं सरळ घालायचं का? नाही, कारण मापाला माप जुळलं तरी आत साखर कमी आणि पाणी जास्त गेलं. ५६ ग्रॅम गोल्डन सिरपमध्ये पाचवा हिस्सा पाणी धरला तर साखर उरते ४५ ग्रॅम. तेवढी साखर काकवीतून यायला ती ६७-७० ग्रॅम घ्यावी लागते, आणि तिच्याबरोबर डझनभर ग्रॅम पाणी जादा येतं, ते कृतीतल्या पाण्यातून वजा.

जाऊबाईंची कृती माझ्या वहीत आता अशी आहे. मैदा १५०, ओट्स ९०, सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस ८०, ब्राउन शुगर १५० ग्रॅम, हे सगळं परातीत एकत्र. लोणी १२५ ग्रॅम आणि काकवी ७० ग्रॅम मंद आचेवर वितळवायची, उकळू द्यायची नाही. खायचा सोडा सपाट अर्धा छोटा चमचा, २८ ग्रॅम कढत पाण्यात कालवून त्यात ओतायचा. फसफसून वर येतं, म्हणून पातेलं मोठं घ्या. ते पिठात मिसळून लिंबाएवढे गोळे, जराशी चपटी करून दूर दूर ठेवायची, १६० अंशांना पंधरा मिनिटांच्या आसपास, कडा गडद होईपर्यंत. ओव्हनमधून काढताना मऊच लागतात, घाबरून परत आत ढकलू नका, जाळीवर गार झाली की कडक होतात. पावसाळ्यात गार होताक्षणी घट्ट झाकणाच्या डब्यात. तासभर उघडी राहिली तर नरम पडतात, मग १५० अंशांना पाच मिनिटं.